परिपत्रकाने हात स्वच्छ होत नाहीत

मृग सरून आर्द्राच्या सरी कोसळू लागल्या, नदीनाल्यांना गढूळ पाणी आले आणि धानाच्या बांध्यांत रोवणीची लगबग सुरू झाली, की चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही वनजिल्ह्यांत पोटाच्या विकारांचाही हंगाम सुरू होतो. हगवण, ओकाऱ्या, आमांश, विषमज्वर आणि अधूनमधून डोके वर काढणारी पटकी, ही सारी एकाच कुळातील भावंडे. याच सुमारास शासकीय यंत्रणेत आणखी एक हंगाम सुरू होतो. तो परिपत्रकांचा. जिल्ह्याच्या ठिकाणाहून तालुक्याला, तालुक्याहून प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि तेथून उपकेंद्राला सूचना जातात. दक्षता घ्यावी, जनजागृती करावी, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यावे. मग एक दिवसाचे प्रशिक्षण होते, भाषणे होतात, हजेरीपटावर सह्या होतात आणि अहवाल वर रवाना होतो. यात कोणी कामचुकारपणा करतो असे म्हणण्याचा हेतू नाही. प्रश्न एवढाच आहे, की या शिक्षणानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यातील कोणाचे हात अधिक स्वच्छ होतात काय?

स्वच्छतेचा उपदेश करावयाचा म्हटले, की आपली दृष्टी चटकन गावकऱ्यांकडे वळते. त्यांनी पाणी उकळावे, शौचालय वापरावे, शिळे अन्न खाऊ नये असे आपण सांगतो. हे सारे आवश्यकच आहे. परंतु जेथे रोगी एकत्र येतात त्या दवाखान्याकडे, आणि जे हात दिवसभरात अनेक रोग्यांना स्पर्श करतात त्या हातांकडे, आपले लक्ष क्वचितच जाते. एखाद्या पाड्यावर एक मूल आजारी पडले, तर त्याचा संसर्ग घरापुरता किंवा विहिरीपुरता राहण्याची शक्यता असते. तेच मूल दवाखान्यात आले, त्याचे बेडपॅन कोणी उचलले आणि त्याच हातांनी शेजारच्या खाटेवरील बालकाला औषधाचा चमचा दिला, तर बरे होण्यासाठी आलेला जीव नवा रोग घेऊन परततो. दवाखाना हेच रोगाचे उगमस्थान ठरावे, यासारखी दुसरी शोकांतिका नाही.

किती जंतू पुरतात?

हाताला एवढे महत्त्व का, हे कळण्यासाठी या रोगांचा स्वभाव थोडा जाणून घेतला पाहिजे. पटकीच्या जंतूंपैकी पुष्कळसे आमाशयातील आम्लात नष्ट होतात. म्हणून धडधाकट माणसाला पटकी होण्यासाठी सामान्यतः कोट्यवधी जंतू पोटात जावे लागतात, आणि ते बहुधा दूषित पाण्यावाटे किंवा अन्नावाटे जातात. रक्ती आमांशाच्या शिगेला जंतूची गोष्ट मात्र निराळी आहे. जपानी शास्त्रज्ञ कियोशी शिगा यांनी १८९७ मध्ये शोधून काढलेल्या या जंतुकुळातील अवघे दहा ते शंभर जंतू एखाद्याला आजारी पाडण्यास पुरेसे होतात. एवढे जंतू नखाच्या कडेखाली सहज मावतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत. अशा रोगाला विहीर लागत नाही, एक बोट पुरते. विहिरीत औषध टाकून झाले म्हणजे साथीचा बंदोबस्त झाला, ही समजूत म्हणूनच अर्धीच खरी आहे.

विषमज्वराची खोड आणखी वेगळी. तो बरा झालेल्या शंभर रोग्यांपैकी सुमारे दोन ते पाच जणांच्या शरीरात जंतू दीर्घकाळ वस्तीला राहतात. असा माणूस स्वतः ठणठणीत असतो, पण विष्ठेवाटे जंतू बाहेर टाकीत राहतो. अमेरिकेतील मेरी मॅलन या स्वयंपाकिणीची कहाणी वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. १९०७ मध्ये ती विषमज्वराची वाहक असल्याचे उघडकीस आले, तिला सक्तीने अलग ठेवण्यात आले आणि पुन्हा स्वयंपाकाचे काम करणार नाही या अटीवर १९१० मध्ये सोडण्यात आले. परंतु आपण आजारी नसताना रोग पसरवतो, हे तिला कधीच पटले नव्हते. नाव बदलून ती पुन्हा स्वयंपाकघरात शिरली. ते स्वयंपाकघर न्यूयॉर्कमधील एका प्रसूतिरुग्णालयाचे होते. १९१५ मध्ये तेथे पंचवीस जणांना विषमज्वर झाला आणि दोघे दगावले. हुकूम देण्यात आला होता, पण समजूत पटली नव्हती. आरोग्यसेवकांच्या शिक्षणाचा सारा प्रश्न या एका वाक्यात सामावलेला आहे.

टीसीएलची पूर्वपीठिका

समजूत न पटवता दिलेल्या हुकुमाचे याहून जुने आणि अधिक करुण उदाहरण व्हिएन्ना शहरातले. तेथील मोठ्या रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. एकात सुइणी शिकत, दुसऱ्यात वैद्यकाचे विद्यार्थी. विद्यार्थ्यांच्या विभागात बाळंतज्वराने मरणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण पुष्कळ अधिक होते. डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांच्या लक्षात आले, की हे विद्यार्थी शवविच्छेदनाच्या टेबलावरून थेट बाळंतिणींकडे येतात. मे १८४७ पासून त्यांनी प्रत्येकाला क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुण्याची सक्ती केली. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये शंभर बाळंतिणींपैकी अठरा मरण पावल्या होत्या. जुलैत हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आले. जंतुशास्त्राचा पाया घातला जाण्यापूर्वी काही दशके हे घडले.

तो क्लोरीनयुक्त चुना म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीच्या कोठीत ठेवलेली टीसीएल पावडरच होय. साधन पावणेदोनशे वर्षांपूर्वीच हाती आले होते. पण सेमेलवाइस यांना आपल्या सहकाऱ्यांना जिंकता आले नाही. तुमचेच हात मृत्यू वाहून नेतात, हे ऐकणे प्रतिष्ठित डॉक्टरांना अपमानास्पद वाटले. सेमेलवाइस यांनीही समजावण्यापेक्षा संतापण्याचाच मार्ग धरला. आपले म्हणणे ग्रंथरूपाने मांडायला त्यांना १८६१ साल उजाडले आणि १८६५ मध्ये एका मनोरुग्णालयात त्यांचा करुण अंत झाला. सत्य हाती असणे आणि ते दुसऱ्याच्या अंगवळणी पाडणे या दोन भिन्न कला आहेत, हा या कहाणीचा धडा आहे.

हात न धुणे हा अडाण्यांचा दोष आहे, असा एक सोयीस्कर गैरसमज सुशिक्षितांत असतो. त्याचे खंडन जीनिव्हा येथील विद्यापीठ रुग्णालयाने केले आहे. तेथे डॉक्टर दिदिए पित्ते व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रत्यक्ष निरीक्षण केले, तेव्हा हात स्वच्छ करण्याच्या शंभर प्रसंगांपैकी केवळ अठ्ठेचाळीस प्रसंगी तो नियम पाळला जात असल्याचे दिसले. जगातील एका संपन्न शहरात, नळाला बारा महिने पाणी असताना ही स्थिती होती. मग त्यांनी खाटेजवळच हात चोळण्याचे द्रावण ठेवले, कर्मचाऱ्यांकडूनच भित्तिपत्रके तयार करवून घेतली, वारंवार निरीक्षण करून त्याचे निकाल त्यांना दाखवले आणि वरिष्ठांनाही या कामात गुंतवले. १९९७ पर्यंत हे प्रमाण सहासष्टवर गेले. रुग्णालयात जडणाऱ्या संसर्गाचे प्रमाण १९९४ मध्ये जवळपास सतरा टक्के होते, ते १९९८ पर्यंत दहा टक्क्यांच्या खाली आले. यातील एक तपशील विशेष बोलका आहे. सुधारणा झाली ती प्रामुख्याने परिचारिकांमध्ये. डॉक्टर मंडळी मागेच राहिली.

वनजिल्ह्यातील वास्तव

आता जीनिव्हाहून आपल्या भागाकडे वळू. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. त्याचा दोनतृतीयांशाहून अधिक भूभाग जंगलाने व्यापलेला आहे. जिल्ह्याच्या ठिकाणापासून भामरागड सुमारे पावणेदोनशे किलोमीटर दूर. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. इकडे चंद्रपूर जिल्ह्यात जिवती तालुक्यातील माणिकगडच्या डोंगरांवर कोलामांची विखुरलेली वस्ती आहे. अशा ठिकाणच्या उपकेंद्रात काम करणारी आरोग्यसेविका ही त्या पंचक्रोशीची डॉक्टर, सुईण, औषधविक्रेती आणि कारकून असे सारे काही असते. तिच्यापुढे हात धुण्याचे सहा टप्पे दाखवणारे रंगीत भित्तिपत्रक लावले आणि त्याखालच्या नळाला पाणीच नसले, तर ते भित्तिपत्रक शिक्षण देत नाही, तिची थट्टा करते.

पाणी आहे पण नळ नाही, अशीही स्थिती असते. पिंपात पाणी भरलेले असते आणि ते मगाने काढून घ्यावे लागते. मग मगाची कडी धरायची ती कोणत्या हाताने? मळलेल्या हाताने मग बुडवला की संपूर्ण पिंप मळले. म्हणजे हात धुवायला दुसऱ्या कोणीतरी पाणी ओतणारा हवा आणि गर्दीच्या वेळी तो मिळत नाही. साबणाची वडी पाण्याच्या थारोळ्यात विरघळत पडते आणि महिन्याच्या अखेरीस संपलेली असते. हात पुसायला सर्वांचा मिळून एकच पंचा. या साध्या अडचणी कोणत्याही व्याख्यानाने दूर होत नाहीत. तोटी बसवलेले पिंप, खालून पाणी निथळेल अशी साबणाची डबी आणि धुतलेल्या छोट्या फडक्यांची चळत, एवढ्या तीन वस्तूंनी मात्र त्यांतील निम्म्या अडचणी दूर होऊ शकतात. म्हणून प्रशिक्षण देणाऱ्याने प्रथम बोलू नये. प्रथम त्या दवाखान्यात हात धुवून पाहावेत.

ज्ञानाचाही भाग आहेच, आणि तो बारकाव्याचा आहे. हातमोजे घातले म्हणजे हात धुण्याची गरज नाही, हा समज सर्वत्र आढळतो. वास्तविक एकच मोजा घालून पाच रोग्यांना हाताळले, तर जंतूंना पाच घरांची वाट मिळते. दुसरा समज अल्कोहोलयुक्त द्रावणाविषयीचा. करोनाच्या काळापासून ही बाटली सर्वपरिचित झाली आहे आणि ती उपयुक्त आहे, याविषयी वाद नाही. परंतु हातावर मळ दिसत असेल तर ती पुरेशी नाही. शिवाय आतड्याच्या काही जंतूंवर तिची मात्रा चालत नाही. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जंतू हे त्याचे उत्तम उदाहरण. प्रतिजैविक औषधांच्या दीर्घ किंवा अनावश्यक वापराने आतड्यातील उपकारक जंतू मारले गेले की हा उपद्रवी पाहुणा तेथे पथारी पसरतो आणि तीव्र अतिसार घडवतो, हे १९७८ मध्ये सिद्ध झाले. त्याचे बीजाणू अल्कोहोलला दाद देत नाहीत. ते साबण लावून, चोळून, वाहत्या पाण्याने हातावरून घालवावे लागतात आणि फरशीवरून क्लोरीननेच मारावे लागतात. प्रत्येक हगवणीला प्रतिजैविकाची गोळी देणे हा उपचार नसून नव्या संकटाला दिलेले निमंत्रण असू शकते, हेही याच शिक्षणात यायला हवे.

टीसीएल पावडरीविषयीही असेच. ताज्या पावडरीत सुमारे तेहतीस टक्के उपयुक्त क्लोरीन असतो. पोत्याचे तोंड उघडे राहिले, ओल लागली, ऊन लागले की तो उडून जातो आणि उरतो तो निव्वळ चुना. असा चुना विहिरीत ओतला काय आणि न ओतला काय, सारखेच. उत्तम पावडर असेल तर हजार लिटर पाण्याला अडीच ग्रॅम पुरते, मात्र त्यानंतर तासभर थांबून ओटी चाचणी करावी लागते. वॉर्डातील फरशी पुसण्यासाठी लिटरभर पाण्यात सुमारे पंधरा ग्रॅम घालून केलेले द्रावण लागते. ते रोज ताजे करावे लागते, आणि आधी घाण पुसून काढल्याशिवाय त्याचा प्रभाव पडत नाही, कारण घाणच क्लोरीन खाऊन टाकते. हे हिशेब कठीण नाहीत. पण ते कागदावर लिहून दिल्याने येत नाहीत. तराजू, बादली आणि चमचा हाती देऊन चार वेळा करवून घेतल्यानेच येतात.

याच मातीतला पुरावा

'आमचे कर्मचारी अल्पशिक्षित, त्यांना हे कसे जमणार?' असा आक्षेप वातानुकूलित सभागृहांतून घेतला जातो. त्याला उत्तर देण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. ते गडचिरोलीतच सापडते. डॉक्टर अभय बंग व डॉक्टर राणी बंग यांनी १९८६ मध्ये येथे काम सुरू केले. त्यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच, पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. नवजात बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, हात धुऊनच बाळाला स्पर्श करणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे, एवढेच नव्हे तर प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे, या गोष्टी त्या शिकल्या. १९९३ ते १९९८ या काळात एकोणचाळीस गावांत हा प्रयोग झाला आणि सत्तेचाळीस गावांशी त्याची तुलना करण्यात आली. प्रयोगाच्या गावांतील नवजात बालकांचा मृत्युदर हजारी बासष्टवरून सुमारे पंचवीसवर आला. तुलनेच्या गावांशी ताडून पाहता ही घट बासष्ट टक्के होती. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि २०११ पासून घरच्या घरी नवजात बालकाची काळजी घेण्याची ही पद्धत 'आशा' कार्यकर्त्यांमार्फत देशभर स्वीकारण्यात आली.

हा प्रयोग पोटाच्या विकारांचा नव्हता, हे खरे. परंतु आपल्या प्रश्नाला लागू पडणारा भाग त्याच्या शिक्षणपद्धतीत आहे. तेथे एका दिवसात बारा विषय उरकले गेले नाहीत. एकेक कौशल्य घेतले गेले, ते हातून करवून घेतले गेले, ती स्त्री गावात परतल्यावर पर्यवेक्षक तिच्याकडे नियमाने गेला, त्याने तिचे काम पाहिले, चुकले तेथे दुरुस्त केले, आणि मगच पुढचा धडा दिला गेला. नगर जिल्ह्यातील जामखेडला डॉक्टर रजनीकांत आणि डॉक्टर मेबल आरोळे यांनी १९७० पासून हाच मार्ग चोखाळला होता. ज्यांना अक्षरओळखही नव्हती अशा कित्येक स्त्रिया तेथे वारंवार एकत्र जमून, परस्परांचे अनुभव ऐकत गावाच्या आरोग्यसेविका बनल्या. तेव्हा उणीव शिकणाऱ्यांत नाही. असलीच तर ती शिकवण्याच्या रीतीत आहे.

शिकवायचे कोणाला?

दुसरी चूक आपण विद्यार्थी निवडताना करतो. प्रशिक्षणाला बोलावणे येते ते वैद्यकीय अधिकाऱ्यांना, फार तर परिचारिकांना. बेडपॅन कोण उचलते? वॉर्डातली मावशी. फरशी कोण पुसते? सफाई कामगार. हगवणीचा रुग्ण आणलेली रुग्णवाहिका कोण धुते? चालक. भात कोण वाढते? स्वयंपाकघरातील बाई. आतड्याच्या जंतूंशी ज्यांची रोजची गाठ पडते, त्या सर्वांना आपण सभागृहाबाहेर सतरंज्या घालायला ठेवतो आणि ज्यांची गाठ क्वचित पडते त्यांना आत बसवतो. रोग म्हशीला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच. आश्रमशाळांतील स्वयंपाकी व कामाठी यांनाही याच वर्गात बसवले पाहिजे, कारण शेकडो मुलांचे पोट त्यांच्या हातांवर अवलंबून असते. ही सारी माणसे बहुधा कंत्राटी वा अल्पवेतनी असतात, कायम बदलत राहतात. म्हणून त्यांचे शिक्षण वर्षातून एकदा न होता नेमणुकीच्या पहिल्याच दिवशी व्हायला हवे.

तिसरी गोष्ट भाषेची. या दोन जिल्ह्यांत माडिया, गोंडी आणि कोलामी बोलणारे लोक आहेत. सिरोंच्याकडे तेलुगू कानी पडते, मुलचेरा-चामोर्शीकडे पूर्व बंगालातून येऊन वसलेल्या कुटुंबांची बंगाली, कोरची-कुरखेड्याकडे छत्तीसगढी. अशा ठिकाणी 'जलजन्य व्याधींच्या प्रतिबंधार्थ वैयक्तिक स्वच्छतेचा अंगीकार करावा' हे वाक्य मराठी भाषकालाही ओझे वाटते, मग इतरांची काय कथा? जो रोग बोटाने पसरतो तो बोटानेच दाखवावा. पाण्यात थोडी हळद कालवून ती हातावर चोळावी आणि नेहमीप्रमाणे हात धुवायला सांगावे. नखांच्या कडेला, अंगठ्याच्या मागे आणि बांगड्यांच्या खाली पिवळा रंग कोठे उरला हे प्रत्येकाला स्वतःच दिसते. त्या एका प्रात्यक्षिकाला भाषांतर लागत नाही.

आणि चौथी गोष्ट रोग्याच्या नातलगांची. आपल्याकडे रुग्ण एकटा येत नाही. त्याच्यासोबत आई, भाऊ, आत्या येते आणि निम्मी शुश्रूषा तीच करते. या माणसांना 'गर्दी' समजून हाकलण्याऐवजी हाताशी धरले तर काय घडू शकते, हे १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगाव येथे दिसून आले. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत पटकीने थैमान घातले होते. शिरेतून द्यायचे सलाइन अपुरे पडत होते. डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांच्या पुड्या तयार करवून घेतल्या आणि ते पाणी रुग्णांना पाजण्याचे काम नातलगांवर सोपवले. मृत्यूचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होते, ते चार टक्क्यांच्या खाली आले. आज खेडोपाडी मिळणाऱ्या जलसंजीवनीच्या पुडीची ही पूर्वकथा आहे. जी आत्या घोट घोट पाणी पाजून प्राण वाचवू शकते, ती हात धुणेही शिकू शकते, मात्र परिचारिकेला तिला शिकवण्याचे शिक्षण मिळालेले असले पाहिजे. अशी आत्या गावी परतली, म्हणजे तो धडा पाड्यावर आपोआप पोहोचतो.

आधी नळ की आधी धडा?

यावर एक रास्त आक्षेप येईल. जेथे पदे रिक्त आहेत, पाणीयोजना बंद पडल्या आहेत, वीज जाते-येते, तेथे कर्मचाऱ्यांच्या हातांची चर्चा करणे म्हणजे व्यवस्थेचा दोष दुर्बळांच्या माथी मारणे नव्हे काय? या आक्षेपात तथ्य आहे. जुलै २०२२ मध्ये मेळघाटात चिखलदरा तालुक्यातील पाचडोंगरी व कोयलारी येथे पटकीची साथ आली आणि माणसे दगावली. तेथे लोकांवर उघड्या विहिरीचे पाणी पिण्याची पाळी आली होती. अशा ठिकाणी हात धुण्याचे व्याख्यान देणे क्रूरपणाचे ठरेल. शुद्ध पाणी हा नागरिकांचा हक्क आहे आणि प्रशिक्षण हा त्याला पर्याय होऊ शकत नाही. परंतु पाणी आले म्हणजे प्रश्न मिटला असेही नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गियाँ-बारे विकाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले आणि त्यांतील काहींच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा आतड्याचाच जंतू निघाला. म्हणजे महानगरही यापासून सुरक्षित नाही. नळ आणि धडा ही एकाच गाडीची दोन चाके आहेत. ज्या दिवशी प्रशिक्षणाचा आदेश निघेल, त्याच दिवशी साबण, तोटीचे पिंप आणि ताजी पावडर यांची तरतूदही निघाली पाहिजे. साधनांवाचून दिलेला धडा अन्यायाचा आणि धड्यावाचून दिलेली साधने धूळ खाणारी.

या कामी सरकारी चौकट अगदीच नाही असेही नव्हे. २०१५ मध्ये केंद्र शासनाने 'कायाकल्प' योजनेद्वारे सरकारी दवाखान्यांतील स्वच्छता व संसर्गनियंत्रण यांसाठी गुणांकन व पुरस्कार सुरू केले. रुग्ण कल्याण समित्या आहेत, गावपातळीवर पोषण, पाणी व स्वच्छता यांची समिती आहे. पण पुरस्कारासाठी भिंती रंगवणे सोपे असते. तपासणीचा दिवस सोडून इतर तीनशे चौसष्ट दिवस कोणी पाहात नसताना हात धुतले जातात काय, हीच खरी परीक्षा. तिच्यासाठी बाहेरचा निरीक्षक नको, आतलीच रीत हवी. महिन्यातून एकदा एका परिचारिकेने तासभर नुसते पाहावे, किती वेळा हात धुवायला हवे होते आणि किती वेळा धुतले गेले ते मोजावे, आणि तो आकडा कोणाचेही नाव न घेता फळ्यावर लिहावा. शिक्षा नको, मेमो नको. आणि वॉर्डात शिरताना सर्वांत आधी हात धुवावेत ते वैद्यकीय अधिकाऱ्यांनी, सर्वांच्या देखत. वरिष्ठ धुणार नाहीत तेथे मावशी धुणार नाही.

ही लोकशिक्षणाची रीत विदर्भाला परकी नाही. गाडगेबाबा गावात आले म्हणजे प्रथम हातात खराटा घेत, दिवसभर रस्ते झाडीत, आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. कीर्तन ऐकणाऱ्याने सकाळी तो खराटा पाहिलेला असे, म्हणून त्यांचे शब्द पोकळ वाटत नसत. आपल्या प्रशिक्षणवर्गांत कीर्तन उरले आहे, खराटा हरवला आहे.

हे सारे वाचून 'आपला काय संबंध?' असे शिक्षक, कारकून वा विद्यार्थी म्हणतील तर ते बरोबर होणार नाही. साबणाचे मागणीपत्रक शेवटी एखाद्या कारकुनाच्याच टेबलावर येते. ते 'किरकोळ बाब' म्हणून मागे पडते की त्याच आठवड्यात मंजुरीला जाते, यावर एखाद्या वॉर्डाचे भवितव्य ठरू शकते. आश्रमशाळेतील शिक्षकाने जेवणाच्या पंगतीपूर्वी स्वयंपाक्यासह स्वतःचे हात धुतले, तर आरोग्याच्या पाठ्यपुस्तकातील धडा वाचून दाखवण्याची गरजच उरणार नाही. आणि ज्या विद्यार्थ्यांना उद्या परिचारिका, डॉक्टर वा आरोग्यसेवक व्हायचे आहे, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की आपल्या व्यवसायातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जुने औषध कोणत्याही दुकानातून लिहून आणावे लागत नाही.

पुढचा पावसाळा ठरल्या वेळी येईल, नाले भरतील, परिपत्रकेही निघतील. त्यांच्या जावक क्रमांकाखाली यंदा एक ओळ अधिक असावी : सोबत साबण, पिंप व पावडर पाठविली आहे, आणि पंधरा दिवसांनी आम्ही स्वतः येऊन तुमच्याबरोबर हात धुणार आहोत. ती ओळ ज्या दिवशी लिहिली जाईल, त्या दिवसापासून आरोग्यसेवकांचे शिक्षण खऱ्या अर्थाने सुरू झाले असे म्हणता येईल.